ऐदी बेटाची दंतकथा आणि हॅमर डीरोबर्ट

मोफत वीज, मोफत प्रवास, थेट खात्यात पैसे अशा योजनांवर वाद पेटला की हल्ली कुणीतरी नाउरूचं उदाहरण पुढे करतं. विषुववृत्ताला लागून असलेलं, पॅसिफिक महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट. खतासाठी लागणारं फॉस्फेट विकून गब्बर झालं. लोकांना कर नव्हता, दवाखाना आणि शाळा फुकट होत्या. मग माणसं आळसावली, पैसा उडाला आणि देश कंगाल झाला. गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते, तात्पर्यही तयार असतं. मोफत योजनांच्या बाजूचे लोक यावर ‘तिथे वसाहतवाद्यांनी लूट केली’ एवढं म्हणून थांबतात. दोन्ही बाजूंना त्या बेटाचा इतिहास नको असतो, फक्त दाखला हवा असतो. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. नाउरूचा पहिला राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरोबर्ट यांची कारकीर्द वगळून ही गोष्ट सांगताच येत नाही, आणि ती सांगितली तर तात्पर्य बदलतं. डीरोबर्ट हे विसाव्या शतकातल्या वसाहतमुक्तीच्या लढ्यातले अत्यंत कुशल वाटाघाटी करणारे नेते होते. त्यांची चूक मोठी होती, पण ती मोफत दवाखान्याची नव्हती. देशाच्या ठेवीला त्यांनी आपल्याच मंत्रिमंडळापासून वाचवणारं कुलूप लावलं नाही, ही ती चूक.

आधी लुटीचा हिशेब मांडू, कारण तो बहुतेक वेळा मोघम मांडला जातो. जर्मनीने १८८८ साली बेट ताब्यात घेतलं आणि १९०७ पासून फॉस्फेटची जहाजं भरू लागली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसांत करार करून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ नावाची यंत्रणा उभारली आणि माल ४२, ४२ आणि १६ टक्के असा वाटून घेतला. राष्ट्रसंघाचं विश्वस्तपद हातात यायच्या आधीच वाटणी ठरली होती. हे कमिशनर्स फॉस्फेट जागतिक भावाने विकत नसत. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना ते जवळपास उत्पादनखर्चात मिळे. मूळच्या जमीनमालकाच्या हातावर सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी पडत होता. म्हणजे परदेशातल्या गव्हाला आणि कुरणांना नाउरूच्या जमिनीतून अनुदान मिळत होतं, आणि ते कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नव्हतं. दादाभाई नौरोजींनी सरकारी आकड्यांतूनच हिंदुस्थानातला संपत्तीचा निचरा उघडा केला होता. डीरोबर्ट यांना पुढे नेमकं तेच करावं लागलं: न्यायाची याचना नंतर, आधी भावातला फरक.

खाणकाम कसं चालतं हेही पाहायला हवं, नाहीतर जमीन पूर्ववत करण्याचा वाद कळत नाही. नाउरूच्या मधल्या पठारावर फॉस्फेट सलग थरात नाही. ते प्रवाळी चुनखडीच्या सुळक्यांमधल्या खोल खोबणींत भरलेलं आहे. झाडी आणि मातीचा थर काढायचा, क्रेनच्या जबड्याने खोबणी उपसायच्या, माल दळायचा, भट्टीत वाळवायचा, मग सरकत्या पट्ट्यांवरून समुद्रावर झुकलेल्या लोखंडी बाहूंपर्यंत न्यायचा. बंदर नाही, त्यामुळे जहाजं खोल पाण्यातल्या बोयांना बांधून भरतात. पश्चिमेचे वारे सुटले की त्यांना दिवसेंदिवस दूर थांबावं लागतं. उपसा संपला की मागे उरतात ते नुसते पांढरे सुळके, काही दोन-तीन मजली घराएवढे. त्यावर चालता येत नाही, पेरता येत नाही, घर बांधता येत नाही. जमीन वापरात आणायची तर सुळके फोडायचे, चुरा खोबणींत भरायचा, वर माती घालायची. ती माती आधीच काढून नीट राखलेली नसेल तर ती येणार कुठून? बेटावर नदी नाही. फॉस्फेट न्यायला येणारी जहाजं भारासाठी गोडं पाणी भरून आणत, इतकी पाण्याची टंचाई. लोकांना राहायला उरतो किनाऱ्याचा अरुंद पट्टा.

डीरोबर्ट यांचा जन्म १९२२ चा. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग इथे शिकून ते बेटावर शिक्षक झाले. १९४२ मध्ये जपानने नाउरू घेतलं आणि १२०० नाउरूवासीयांना मजुरीसाठी आजच्या मायक्रोनेशियातल्या ट्रुक (चूक) बेटांवर नेलं. त्यांत डीरोबर्टही होते. ३१ जानेवारी १९४६ ला परत आलेल्यांची संख्या होती ७३७. १९३२ मध्ये बेटाची लोकसंख्या १५०० झाली तेव्हा, वंश टिकण्यापुरती माणसं झाली म्हणून सण सुरू करणारा हा समाज. अशा लोकांसाठी ‘आपण उरू का’ हा प्रश्न किती जवळचा असेल? डीरोबर्ट यांच्या पुढच्या राजकारणातला हट्ट या आकड्यांशी जोडून वाचला पाहिजे. १९५५ मध्ये ते स्थानिक परिषदेवर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी मुख्य सरदार झाले. परिषदेला अधिकार जवळजवळ नव्हतेच. सही ऑस्ट्रेलियन प्रशासकाची चाले.

त्यांच्या विरोधातला पहिला भक्कम मुद्दा १९६४ चा आहे. फॉस्फेट नव्वदच्या दशकात संपणार हे साठच्या दशकातच माहीत होतं. ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचं कर्टिस बेट देऊ केलं: सगळ्यांनी तिकडे जावं, घरं मिळतील, नागरिकत्व मिळेल. नाउरूने नकार दिला. आज अनेक जण म्हणतात की भावनेच्या भरात सोन्यासारखी संधी घालवली, कर्टिसवर गेले असते तर आज सुखात असते. आर्थिकदृष्ट्या हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आरोग्य, शिक्षण, रोजगार या तिन्ही बाबतींत क्वीन्सलंडमध्ये राहणारा माणूस आजच्या नाउरूवासीयापेक्षा बरा असता, हे मला मान्य आहे. पण देऊ केलं होतं नेमकं काय? स्वायत्त देश नव्हे, तर क्वीन्सलंडच्या कायद्याखालची एक स्थानिक परिषद. बेटावरचं सार्वभौमत्व ऑस्ट्रेलियाचंच राहणार होतं. डीरोबर्ट यांनी पुनर्वसनाला नकार दिलेला नाही. जागा बदलायला ते तयार होते, राष्ट्र म्हणून विरघळायला तयार नव्हते. आणि दोन-तीन हजार माणसं मूळच्या बेटावरून निघून गेल्यावर उरलेल्या फॉस्फेटच्या मालकीबद्दल बोलायला कोणाला उभं राहता आलं असतं?

या प्रश्नाचं उत्तर कल्पनेत शोधायची गरज नाही. ते शेजारच्या बानाबा बेटावर घडलं. तिथलं फॉस्फेट त्याच कमिशनर्सनी त्याच पद्धतीने उपसलं. युद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, बानाबाच्या लोकांना फिजीमधल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं. खाण चालू राहिली, मालक दोन हजार किलोमीटर दूर. त्यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. तो इंग्लंडच्या इतिहासातल्या सर्वांत लांबलेल्या दिवाणी खटल्यांपैकी एक ठरला. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्याबद्दल सहानुभूती व्यक्त केली, पण सरकारवरची विश्वस्ताची जबाबदारी न्यायालयात बजावता येण्याजोगी नाही असा निर्णय दिला. १९७९ मध्ये फॉस्फेट संपलं. शेवटी बानाबावासीयांच्या पदरात एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर पडले, तेही हक्क म्हणून नव्हे, सानुग्रह म्हणून. खनिज तेच, खाण चालवणारे तेच, काळ तोच. फरक एवढाच की नाउरूचे लोक आपल्या जमिनीवर ठाम बसून राहिले आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्याला आकडे कळत होते.

१९६५ ते १९६७ च्या वाटाघाटींत डीरोबर्ट यांनी दोन आघाड्या एकाच वेळी उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळासमोर स्वातंत्र्याचा प्रश्न, आणि कॅनबेरात फॉस्फेटचा. डिसेंबर १९६५ मध्ये आमसभेने ठराव करून ३१ जानेवारी १९६८ ही तारीख पुढे ठेवली. ट्रुकहून परतल्याचा तो दिवस. तारीख पक्की झाल्यावर घड्याळ ऑस्ट्रेलियाच्या विरोधात चालू लागलं. भागीदार सरकारांना खाणीच्या व्यवस्थापनात राहायचं होतं. डीरोबर्ट भागीदारीवर समाधानी झाले नाहीत, त्यांनी मालकीच मागितली. नोव्हेंबर १९६७ च्या करारात ती मिळाली: कमिशनर्सची बेटावरची सगळी यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला, तीन वर्षांत फेडून. वर्षाला २० लाख टन फॉस्फेट टनामागे ११ डॉलर या आधारभावाने पुरवायचं. १ जुलै १९७० ला खाण नाउरूची झाली, आणि ती विकत घेतली गेली तिच्याच उत्पन्नातून. ज्यांच्या जमिनीवर खाण होती त्यांना तिचं सामान विकत घ्यावं लागावं हा अन्याय होताच. पण या व्यवहारामुळे १९७४ मध्ये मोरोक्कोने फॉस्फेटचे भाव चौपटीने चढवले तेव्हा वाढीव पैसा नाउरूला मिळाला. १९६७ मध्ये भागीदारीवर सही झाली असती तर तो कोणाकडे गेला असता?

आता त्या पैशाचं काय झालं ते पाहू. इथे मी डीरोबर्ट यांची बाजू डोळे मिटून घेणार नाही. ते १९६८ ते १९७६, आणि मधले काही खंड वगळता १९७८ ते १९८९ असे जवळजवळ दोन दशकं राष्ट्राध्यक्ष होते. १८ सदस्यांच्या संसदेत पक्ष नावालाच. राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि महत्त्वाच्या खात्यांचा मंत्री एकच माणूस. एअर नाउरूचं पहिलं विमान मला पूर्णपणे समर्थनीय वाटतं. ज्या बेटाला बंदर नाही, जिथे आजारी माणसाला मेलबर्नला न्यायला जहाजाची वाट पाहावी लागे, तिथे विमान ही चैन नाही. पण दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या देशाने बोइंगांचा ताफा उभा करून निम्म्या पॅसिफिकभर रिकाम्या खुर्च्या उडवाव्यात याचं समर्थन कुठल्याही हिशेबात बसत नाही. तोटा वर्षानुवर्षं दिसत होता आणि फॉस्फेटच्या पैशाने भरला जात होता. याची जबाबदारी त्यांच्यावरच येते.

गुंतवणुकीचं चित्र मात्र ‘उधळपट्टी’ या एका शब्दात मावत नाही. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरची ५२ मजली ‘नाउरू हाउस’ इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. २००४ मध्ये ती १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली. म्हणजे इमारत ही वाईट गुंतवणूक नव्हती, तिच्यावर काढलेली कर्जं वाईट होती. दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांच्या संयुक्त मालकीत सुरू झाली. फिलिपाइन्समधल्या खतकारखान्यातही नाउरूने भाग घेतला होता. नुसता दगड विकण्यापेक्षा खताच्या धंद्यात शिरायचं हे धोरण ऐदी माणसाला सुचत नाही. १९९३ मध्ये भारत सरकारने नाउरूचा हिस्सा घेतला. कारखाना आजही चालू आहे. आपल्याकडे नाउरूचा दाखला देणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? आणि लंडनच्या रंगभूमीवरच्या फसलेल्या संगीतिकेत पैसे घातल्याची जी गोष्ट प्रत्येक जण रंगवून सांगतो, ती १९९३ ची. तेव्हा डीरोबर्ट यांची सत्ता जाऊन चार वर्षं झाली होती आणि ते हयातही नव्हते.

खरी चूक रचनेत होती. स्वातंत्र्याबरोबरच फॉस्फेट रॉयल्टी ट्रस्ट उभा राहिला: दीर्घकालीन गुंतवणूक, जमीनमालकांचा हिस्सा, घरबांधणी आणि जमिनीचं पुनरुज्जीवन असे वेगवेगळे निधी. कागदावर ही दूरदृष्टी होती. नॉर्वेने तेलनिधीचा कायदा केला तो १९९० मध्ये. पण विश्वस्त नेमणारे आणि पैसा खर्च करणारे हात एकाच मंत्रिमंडळाचे होते. हिशेब संसदेसमोर नियमित येत नव्हते. कर्जाला तारण म्हणून ट्रस्टची मालमत्ता लावणं प्रत्यक्षात कुणी अडवलं नाही. तिजोरीची किल्ली घरखर्च चालवणाऱ्याकडेच असली तर ती तिजोरी राहत नाही. तुलनेसाठी पुन्हा शेजारीच पाहू. आजच्या किरिबातीतल्या ब्रिटिश प्रशासनाने १९५६ मध्ये बानाबाच्या फॉस्फेटमधून राखीव निधी सुरू केला. तो आजही शाबूत आहे आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला आहे. किरिबातीचे लोक नाउरूच्या लोकांपेक्षा जास्त कष्टाळू किंवा काटकसरी म्हणून हे झालं का? निधी परदेशी रोख्यांत ठेवला, त्यातून काढायच्या रकमेला मर्यादा राहिली, म्हणून झालं. (ज्या बानाबाच्या जमिनीतून तो उभा राहिला, ते लोक मात्र राबीवर हात चोळत राहिले, हेही विसरू नये.)

कोसळण्याचा क्रमही नीट लावायला हवा. १९८९ मध्ये अविश्वास ठरावाने डीरोबर्ट गेले तेव्हा ट्रस्ट मोठा होता. त्याचं मूल्य एक अब्जाच्या पुढे सांगितलं जाई. नव्वदच्या दशकात निर्यात घटली, पण अर्थसंकल्प घटले नाहीत. तूट भरायला परदेशी इमारती गहाण पडल्या. १९९५ ते २००४ या काळात राष्ट्राध्यक्षपद दहाहून अधिक वेळा हातोहात बदललं, कुणीही कपातीचा निर्णय घ्यायला पुरेसा टिकला नाही. २००४ मध्ये कर्ज थकलं, धनकोंनी मालमत्तेवर प्रशासक बसवले. २००५ च्या अखेरीस शेवटचं विमानही जप्त झालं. यात मोफत दवाखान्याचा वाटा किती? काही हजार लोकांचा दवाखाना आणि शाळा चालवायला लागणारा पैसा विमानकंपनीच्या तोट्यापुढे लहानच असणार. मोफत सेवा हे कारण मानायचं तर आधी हे गणित मांडून दाखवावं लागेल, आणि ते मांडलेलं मी कुठेच पाहिलेलं नाही.

विरोधकांचा सर्वांत टोकदार मुद्दा मी शेवटी ठेवला आहे. १९६७ पर्यंत फॉस्फेट असलेल्या जमिनीपैकी साधारण एक तृतीयांश खणली गेली होती. उरलेली नाउरूच्याच सरकारने खणली आणि तिचंही पुनरुज्जीवन केलं नाही. मग ऑस्ट्रेलियाला न्यायालयात कशाच्या बळावर खेचलं? मुद्दा गंभीर आहे. पुनरुज्जीवनाचा निधी असताना सुळके तसेच उभे राहिले, हे डीरोबर्ट यांच्या कारकिर्दीवरचं सर्वांत मोठं ओझं आहे. पण कायद्याच्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मालक स्वतःच्या जमिनीचं नुकसान करतो तो मूर्खपणा. विश्वस्त पाल्याच्या जमिनीचं नुकसान करून स्वतः नफा घेतो तो विश्वासघात. नाउरूच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की १ जुलै १९६७ पूर्वी खणलेल्या जमिनीची जबाबदारी नाउरू सरकारची नाही. १९६७ च्या वाटाघाटींत भागीदार सरकारांना हा प्रश्न कायमचा मिटवायचा होता. डीरोबर्ट यांनी हक्क सोडल्याची सही दिली नाही, आणि विश्वस्त मंडळासमोर मतभेद उरल्याची नोंद करून ठेवली. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलेलं असताना, समोर तीन सरकारं असताना, एक कलम रिकामं ठेवण्याचा हा संयम किती जणांना जमला असता?

त्या नोंदीची किंमत बावीस वर्षांनी कळली. १९८६ च्या डिसेंबरात नाउरूने श्रीलंकेचे कायदेपंडित वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालाच्या आधारावर १९ मे १९८९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल झाला. ऑस्ट्रेलियाने हरकती घेतल्या: नाउरूने हक्क सोडला होता, फार उशीर केला, विश्वस्तपद संपलं तेव्हाच प्रश्न मिटला, आणि ब्रिटन व न्यूझीलंड समोर नसताना खटला चालूच शकत नाही. २६ जून १९९२ ला न्यायालयाने या सगळ्या फेटाळल्या. कमिशनर्सच्या परदेशातल्या मालमत्तेवरचा नाउरूचा दावा मात्र मान्य झाला नाही. १५ जुलैला डीरोबर्ट मेलबर्नमध्ये वारले. १९९३ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली: ५ कोटी ७० लाख सुरुवातीला, उरलेले वीस वर्षांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला प्रत्येकी १ कोटी २० लाख दिले. प्रकरण अंतिम निकालापर्यंत गेलं नाही, ऑस्ट्रेलियाने जबाबदारी कबूल केली नाही, हे खरं. तरी जागतिक न्यायालयापुढे एवढ्या छोट्या देशाने आपल्याच जुन्या विश्वस्ताला खेचून प्राथमिक फेरी जिंकली. लंडनमध्ये बानाबाला जे मिळालं नाही, ते हेगमध्ये नाउरूला मिळालं.

नाउरूचा उपयोग दाखला म्हणून करायचाच असेल तर तो खनिजांच्या वादात करावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के वेगळ्या कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, त्यामागे पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचाच विचार होता. त्या निधीची किल्ली कोणाकडे, पैसा कशासाठी काढता येतो, हिशेब विधानसभेपुढे कधी येतो, हे प्रश्न नाउरूवरून सुचायला हवेत. खुद्द नाउरूत तर ते आज नव्याने उभे आहेत. २०२१ मध्ये नाउरूने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला नोटीस देऊन खोल समुद्रातल्या खाणकामाचे नियम दोन वर्षांत करा असा आग्रह धरला. ज्या कंपनीसाठी हे केलं तिच्या नावात नाउरू आहे, मालकी मात्र कॅनडातल्या कंपनीची. देश केवळ पुरस्कर्ता, म्हणजे कंपनीच्या अर्जामागे उभा राहणारा, आहे, आणि समुद्रतळाची हानी झाली तर त्या नात्याने त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. १९६७ मध्ये डीरोबर्ट यांनी हीच व्यवस्था, खाण दुसऱ्याची आणि हिस्सा आपला, टेबलावरून परत सारली होती. नव्या करारात टनामागे नाउरूच्या वाट्याला काय येणार आणि तो पैसा कोणाच्या सहीने निघणार, हे तिथल्या संसदेने पहिली बोट सुटण्याआधी जाहीर करायला हवं.